‘गैर इरादतन हत्या’ म्हणजे नेमके काय? सदोष मनुष्यवधाविषयी इंदूरच्या मराठी कुटुंबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करताना रामबाग, सुदामा नगर, राजेंद्र नगर या भागांतली मराठी कुटुंबे एखाद्या मृत्यूच्या प्रकरणाचे कागद घेऊन येतात, तेव्हा त्यांच्यासमोर एकाच गुन्ह्याची तीन नावे असतात. पोलिसांच्या हिंदी कागदावर एक, महाराष्ट्रातल्या नातेवाइकाने फोनवर सांगितलेले दुसरे आणि उच्च न्यायालयाच्या इंग्रजी आदेशातले तिसरे. निम्मा गोंधळ कायद्याचा आणि निम्मा या नावांचा असतो. पुढील प्रश्न अशाच भेटींतून जमलेले आहेत. उत्तरे सर्वसाधारण माहितीसाठी असून प्रत्यक्ष प्रकरणात कागद पाहिल्याशिवाय कोणीही ठाम मत देऊ नये. मीही देत नाही.

वर्तमानपत्रात ‘गैर इरादतन हत्या का मामला दर्ज’ असे छापून आले आहे. म्हणजे मारण्याचा इरादा नव्हता, हे पोलिसांनीच मान्य केले ना?

नाही, आणि हा गैरसमज सर्वांत महाग पडतो. ‘गैर इरादतन हत्या’ हा बातम्यांतला शब्द आहे. कायद्याच्या हिंदी पाठात ‘आपराधिक मानव वध’ असा शब्द आहे आणि मराठीत त्याला ‘सदोष मनुष्यवध’ म्हणतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०० प्रमाणे सदोष मनुष्यवध तीन प्रकारांनी होऊ शकतो: मृत्यू घडवण्याच्या उद्देशाने कृत्य केले, किंवा मृत्यू घडण्याचा संभव असलेली शारीरिक इजा करण्याच्या उद्देशाने केले, किंवा या कृत्याने मृत्यू घडण्याचा संभव आहे अशी जाणीव असताना केले. पहिल्या दोन प्रकारांत उद्देश, म्हणजे ज्याला हिंदीत इरादा म्हणतात तोच, स्पष्टपणे आहे. तेव्हा मुलावर ‘गैर इरादतन’चा गुन्हा आहे म्हणून इरादा नव्हता असे न्यायालयाने गृहीत धरले आहे, असे समजून स्वस्थ बसू नये. मला स्वतःला मराठी शब्द अधिक प्रामाणिक वाटतो, कारण ‘सदोष’ एवढेच सांगतो की मृत्यूमागे दोषी मन होते. ते किती दोषी होते, हे पुढे ठरायचे असते.

एका कागदावर ३०४ लिहिले आहे आणि दुसऱ्यावर १०५. कोणते खरे?

दोन्ही खरी असू शकतात, कारण उत्तर घटनेच्या तारखेवर अवलंबून आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्यापूर्वी घडलेल्या कृत्यांना १८६० चा भारतीय दंड संहितेचा कायदाच लागू राहतो, खटला आज चालत असला तरीही. जुन्या कायद्यात खुनाची शिक्षा ३०२ मध्ये, सदोष मनुष्यवधाची ३०४ मध्ये आणि हयगयीने झालेल्या मृत्यूची ३०४-अ मध्ये होती. नव्या कायद्यात हीच कलमे अनुक्रमे १०३, १०५ आणि १०६ झाली. नव्या संहितेतले ३०४ हे हिसकावून चोरी करण्याचे कलम आहे. गळ्यातली साखळी ओढण्याच्या प्रकरणातला ‘३०४’ वाचून एका मावशींनी आठ दिवस अन्नपाणी गोड मानले नव्हते; भाच्यावर माणूस मारल्याचा आरोप आहे, अशी त्यांची समजूत झाली होती.

आकडा बदलला तेवढेच नाही, शिक्षाही बदलली. जुन्या ३०४ च्या पहिल्या भागात जन्मठेप किंवा १० वर्षांपर्यंत कारावास होता आणि किमान मर्यादा नव्हती. नव्या १०५ मध्ये उद्देश सिद्ध झाल्यास जन्मठेप किंवा किमान ५ आणि कमाल १० वर्षे कारावास, शिवाय दंड. केवळ जाणीव सिद्ध झाल्यास, म्हणजे दुसऱ्या भागात, १० वर्षांपर्यंत कारावास आणि दंड. जुन्या कायद्यात इथे नुसत्या दंडावर सुटण्याची वाट होती, ती आता उरलेली नाही. घटना जून २०२४ मधली असेल तर नवी जड शिक्षा लावता येत नाही, कारण कृत्याच्या वेळी लागू असलेल्या कायद्यापेक्षा जास्त शिक्षा देण्यास संविधानाचा अनुच्छेद २० मनाई करतो.

मग खून आणि सदोष मनुष्यवध यांत फरक तरी काय राहिला?

सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली पुन्नय्या प्रकरणात सांगितले की सदोष मनुष्यवध ही जात आहे आणि खून ही तिची पोटजात. प्रत्येक खून हा सदोष मनुष्यवध असतो. प्रत्येक सदोष मनुष्यवध हा खून नसतो. कलम १०० आणि खुनाची व्याख्या देणारे कलम १०१ शेजारी ठेवून वाचली की शब्द जवळजवळ सारखे दिसतात आणि वकिलीच्या पहिल्या वर्षी प्रत्येकाचा इथे घोळ होतो. फरक संभाव्यतेच्या पायऱ्यांचा आहे. केलेल्या इजेने मृत्यू घडण्याचा ‘संभव’ असेल तर सदोष मनुष्यवध. ती इजा निसर्गक्रमानुसार मृत्यू घडवण्यास ‘पुरेशी’ असेल तर खून.

हा भेद ज्या निकालाने शिकवला जातो, तो मुंबई उच्च न्यायालयाचा १८७६ चा आहे. गोविंदा नावाच्या १८ वर्षांच्या नवऱ्याने बायकोला खाली पाडले, तिच्या छातीवर गुडघा ठेवला आणि बंद मुठीने तोंडावर दोन-तीन जोरदार गुद्दे मारले; मेंदूत रक्तस्राव होऊन ती गेली. ती १५ वर्षांची होती. दोन न्यायाधीशांचे मत जुळेना, म्हणून प्रकरण न्यायमूर्ती मेलव्हिल यांच्याकडे गेले. त्यांनी दोन्ही कलमे शेजारी मांडून ठरवले की मारण्याचा उद्देश नव्हता आणि तशी इजा सर्वसाधारणपणे मृत्यूला पुरेशी म्हणता येत नाही, म्हणून हा खून नव्हे, सदोष मनुष्यवध. दीडशे वर्षांनंतरही हा निकाल वाचताना त्या मुलीसाठी मन कळवळते. पण कायद्याची रेघ तिच्यामुळेच स्पष्ट झाली.

याची दुसरी बाजू १९५८ च्या विरसा सिंग निकालात आहे. भाल्याचा एकच घाव पोटात घातला होता आणि बचाव असा होता की मारायचे नव्हते. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले विवियन बोस यांनी सर्वोच्च न्यायालयात लिहिले की आरोपीला ‘ही इजा’ करायची होती का, एवढेच पाहायचे. ती इजा जीवघेणी आहे हे त्याला ठाऊक होते का, हा प्रश्न तिथे येत नाही; इजा मृत्यूला पुरेशी होती की नाही, हे वैद्यकीय पुराव्यावरून तपासले जाते. म्हणून ‘एकच वार केला, तेव्हा खून नाही’ हा जो सल्ला न्यायालयाच्या आवारातल्या चहाच्या टपरीवर फुकट मिळतो, तो त्याच्या किमतीइतकाच असतो.

गाडी लावण्यावरून शेजाऱ्याशी बाचाबाची झाली, मुलाने एक धक्का दिला, शेजारी ओट्याच्या कडेवर डोके आपटून पडला आणि तिसऱ्या दिवशी वारला. मुलावर खुनाचा गुन्हा लागेल का?

हा प्रश्न मला सर्वाधिक वेळा विचारला गेला आहे. तपशील बदलतात, ओट्याच्या जागी जिना किंवा फरशी येते. उत्तर चार ठिकाणी जाऊ शकते.

धक्का नुसता बाजूला सारण्यासाठी होता आणि मृत्यूचा संभव कोणाच्याही मनात येण्याजोगा नव्हता, असे दिसले तर प्रकरण साध्या किंवा गंभीर दुखापतीच्या कलमांत बसू शकते, म्हणजे मृत्यू झाला असूनही मनुष्यवधाचा दोष सिद्ध होत नाही. तीन पायऱ्या उंच ओट्याच्या टोकावर उभ्या असलेल्या ७० वर्षांच्या माणसाला दोन्ही हातांनी जोरात ढकलले असेल, तर मृत्यू घडण्याची जाणीव होती असे म्हणायला जागा होते आणि कलम १०५ चा दुसरा भाग पुढे येतो. खाली पडल्यावर डोके धरून पुन्हा कडेवर आपटले असेल, तर गोष्ट खुनाकडे सरकते. आणि तो माणूस मागे आहे हे न पाहता, निष्काळजीपणे गाडी मागे घेताना धक्का लागला असेल, तर तो हयगयीचा विषय.

म्हणून अशा कुटुंबाला मी पहिल्या भेटीत ‘काय घडले’ असे विचारत नाही. ओट्याची उंची किती, शेजारी कोणत्या दिशेला तोंड करून उभा होता, हात कुठे लागला, हे विचारतो. घटनास्थळाच्या पंचनाम्याबरोबर पोलीस एक नकाशा काढतात, हिंदीत त्याला ‘नक्शा मौका’ म्हणतात. साध्या कागदावर पेनाने काढलेल्या चौकोनात ‘अ’ म्हणजे मृत पडला ती जागा, ‘ब’ म्हणजे साक्षीदार उभा होता ती जागा. एका प्रकरणात त्या नकाशावर ओटाच दाखवलेला नव्हता. शवविच्छेदन अहवालात कवटीच्या मागच्या बाजूला आडवी जखम होती आणि नकाशात सपाट रस्ता. जखम कशाने झाली याचे उत्तर कागदावर कुठेच नव्हते. उलटतपासणीचा अर्धा दिवस त्या न काढलेल्या रेघेवर गेला.

पोलीस सुरुवातीला जड कलम लावतात, हेही लक्षात असावे. ते अंतिम नसते. आरोप निश्चित करताना न्यायाधीश कलम बदलू शकतात, निकालापूर्वी केव्हाही आरोपात फेरफार करू शकतात आणि खुनाचा आरोप असताना पुराव्यावरून सदोष मनुष्यवधासाठीच दोषी ठरवू शकतात. उलट दिशेचा प्रवासही होतो.

अचानक भांडण झाले, डोके फिरले, असे सांगितले की खुनाचे कलम आपोआप हलके होते का?

आपोआप काहीच होत नाही. कलम १०१ ला पाच अपवाद आहेत: गंभीर व आकस्मिक प्रक्षोभ, खाजगी बचावाच्या हक्काची सद्भावनेने ओलांडलेली मर्यादा, लोकसेवकाने सद्भावनेने ओलांडलेला अधिकार, अचानक जुंपलेली मारामारी आणि १८ वर्षांवरील व्यक्तीची स्वतःच्या मृत्यूला असलेली संमती. यांपैकी एखादा अपवाद लागू झाला तर खून हा सदोष मनुष्यवध होतो. आरोपी मोकळा होत नाही, आणि अपवाद लागू आहे हे दाखवण्याचा भार आरोपीवर असतो, जरी तो सरकार पक्षाइतका कडक नसला तरी.

प्रक्षोभ म्हणजे संताप एवढाच अर्थ नाही. सामान्य माणसाचा स्वतःवरचा ताबा सुटेल इतका तो गंभीर असावा, आणि कृत्य त्या ताबा सुटलेल्या अवस्थेत व्हावे. नानावटी प्रकरण सर्वांनी ऐकलेले आहे. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत नौदलाच्या या अधिकाऱ्याने पत्नीची प्रेम आहुजाशी असलेल्या संबंधांची कबुली ऐकल्यानंतर तिला व मुलांना चित्रपटगृहात सोडले, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतले आणि मग प्रेम आहुजाच्या घरी जाऊन गोळ्या झाडल्या. ज्युरीने आठ विरुद्ध एक मताने निर्दोष म्हटले, पण उच्च न्यायालयाने दिलेली खुनाची शिक्षा १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली, कारण मधल्या सुमारे तीन तासांत डोके थंड व्हायला पुरेसा अवधी होता. कोणी मोटारसायकलवरून घरी जाऊन कोयता घेऊन परत आला असेल, तर ‘अचानक’ हा शब्द त्याच्या कामाचा उरत नाही.

अचानक मारामारीच्या अपवादात सुरुवात कोणी केली हे गौण आहे. मात्र पूर्वतयारी नसावी, गैरफायदा घेतलेला नसावा आणि क्रूर वा असाधारण रीतीने वागलेले नसावे. निःशस्त्र माणसावर चाकू चालवणाऱ्याला हा अपवाद क्वचितच मिळतो.

रात्री घरात चोर शिरला आणि झटापटीत तोच मेला, तर?

खाजगी बचावाचा हक्क पूर्ण असेल तर गुन्हाच नाही, सदोष मनुष्यवधसुद्धा नाही. जीव जाण्याची किंवा जबर दुखापतीची, बलात्काराची, अपहरणाची, ॲसिड हल्ल्याची वाजवी भीती असेल तर हल्लेखोराचा मृत्यू घडवण्यापर्यंत हा हक्क जातो. मालमत्तेच्या बाबतीत जबरी चोरी, सूर्यास्तानंतरची घरफोडी, घराला आग लावणे अशा मोजक्या प्रसंगी. पण चोर भिंतीवरून उडी मारून पळू लागला आणि पाठीत काठी घातली, तर हक्क संपलेला असतो. भीतीच्या भरात गरजेपेक्षा थोडे जास्त झाले तर मघाचा दुसरा अपवाद आहे. आणि चोराला खांबाला बांधून वस्तीने मारणे हा बचाव नव्हे. त्याला खून म्हणतात, आणि त्यात उभे राहून हात न उगारणाराही समान उद्देशासाठी आरोपी होऊ शकतो.

रस्त्यावरच्या अपघातात मृत्यू झाला तर कोणते कलम लागते? पळून गेल्यास १० वर्षे शिक्षा असे ऐकले आहे.

बहुधा कलम १०६ (१): बेदरकार किंवा हयगयीच्या कृत्याने मृत्यू, ५ वर्षांपर्यंत कारावास आणि दंड. जुन्या ३०४-अ मध्ये २ वर्षे होती. हा गुन्हा जामीनपात्र आहे. पण चालकाला धोक्याची जाणीव होती असे दिसले, तर प्रकरण १०५ मध्ये जाते. २००६ साली मुंबईत बांद्र्याच्या कार्टर रोडवर दारू पिऊन चालवलेली मोटार पदपथावर झोपलेल्या मजुरांवर गेली आणि सात जण मेले. खालच्या न्यायालयाने हयगयीखाली सहा महिने दिले होते, उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध ठरवून तीन वर्षे दिली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. शिक्षा अजून जास्त हवी होती, असे बहुतेकांना वाटेल, मलाही वाटते.

पळून जाऊन पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवल्यास १० वर्षांपर्यंतची शिक्षा सांगणारे १०६ (२) हे कलम संहितेत छापलेले आहे, पण १ जुलै २०२४ ला बाकीची संहिता लागू करताना ते बाजूला ठेवण्यात आले. जानेवारी २०२४ मधला या कलमाविरुद्धचा ट्रकचालकांचा संप आणि पेट्रोल पंपांवरच्या रांगा ज्यांना आठवतात, त्यांना कारण ठाऊक आहे. भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात स्वतंत्रपणे चालतो. फौजदारी खटल्याच्या निकालाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही.

शेताच्या कुंपणात वीज सोडली होती, रानडुकरांसाठी. रात्री गडी चिकटून मेला. हा अपघात नाही का?

कायद्यात ‘अपघात’ हा बचाव फक्त कायदेशीर कृत्य, कायदेशीर साधनांनी आणि योग्य काळजी घेऊन करत असताना मिळतो. तारेत चोरून वीज सोडणे या तिन्ही कसोट्यांवर पडते. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयात बिहारचे प्रकरण आले होते. शेजारणीच्या शौचकूपाची भिंत पडली, म्हणून ती आरोपीच्या शौचकूपात जाऊ लागली. त्याला ते खपेना. त्याने वाटेत उघडी तांब्याची तार लावून तिच्यात वीज सोडली आणि त्या बाईचा जीव गेला. अतिक्रमण करणाऱ्यापासून मालमत्ता वाचवण्याचा बचाव न्यायालयाने मानला नाही आणि ३०४-अ खालील शिक्षा कायम ठेवली. मात्र माणसांची नेहमीची पायवाट आहे हे ठाऊक असताना, कुठलीही खूण न लावता तार ओढली असेल, तर जाणिवेचा प्रश्न उभा राहतो आणि सरकार पक्ष १०५ चा आग्रह धरतो. माळव्यात ही सवय फार आहे. कुंपणावर लाल फडके बांधले म्हणजे झाले, असे समजणाऱ्यांनी हे कलम वाचावे.

डॉक्टरांच्या चुकीने रुग्ण दगावला, तर त्यांच्यावर हेच कलम का लावत नाहीत?

नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाने उपचार करताना झालेल्या हयगयीसाठी १०६ (१) मध्येच वेगळी मर्यादा आहे, २ वर्षांपर्यंत कारावास आणि दंड. शिवाय २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाप्रमाणे साधी चूक किंवा अंदाज चुकणे पुरत नाही. हयगय ढोबळ स्वरूपाची असावी लागते आणि कारवाईपूर्वी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावे लागते. ग्राहक आयोगातला दावा ही वेगळी वाट आहे आणि पुष्कळदा तीच उपयोगी पडते.

पण हल्ला करणारा म्हणतो, ‘रुग्णालयात वेळेवर उपचार झाले असते तर तो वाचला असता.’ हे चालते का?

चालत नाही. योग्य उपचारांनी मृत्यू टळू शकला असता तरी इजा करणाऱ्यानेच मृत्यू घडवला असे मानले जाईल, असे कलम १०० च्या स्पष्टीकरणात लिहिलेले आहे. मृत व्यक्ती आधीच आजारी होती आणि इजेने तिचा मृत्यू अलीकडे ओढला, तरी तेच.

इमारत कोसळते, विहिरीवरचे छत तुटते, कारखान्यातून वायू सुटतो. तेव्हा ‘कोणी’ मारले, हे कसे ठरते?

कायद्याचा सर्वांत दुबळा भाग इथे आहे, असे माझे मत आहे. ३० मार्च २०२३ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पटेल नगरातल्या बेलेश्वर महादेव मंदिरात हवन चालू असताना जुन्या बावडीवर टाकलेले छत खचले आणि ३६ माणसे गेली. मंदिराच्या ट्रस्टच्या पदाधिकाऱ्यांवर भारतीय दंड संहितेच्या ३०४ खाली गुन्हा नोंदवला गेला. अशा प्रकरणात सारा भर जाणिवेवर असतो: खाली पाणी आहे, छत पेलणार नाही, हे कोणाला, केव्हापासून, कोणत्या कागदावरून माहीत होते. नोटीस, पाहणी अहवाल, बांधकामाचा नकाशा यांशिवाय ती सिद्ध होत नाही, आणि म्हणून अशा दुर्घटनेनंतर कुटुंबांनी पहिल्या आठवड्यातच कागदांच्या प्रमाणित प्रती मागाव्यात, असे मी सांगतो.

भोपाळचे उदाहरण आपल्या राज्याला विसरता येणार नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री वायू सुटला. आरोप सदोष मनुष्यवधाच्या दुसऱ्या भागाचा होता; १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने, कारखाना चालवताना मृत्यू घडेल अशी जाणीव आरोपींना होती असे प्रथमदर्शनी दिसत नाही, म्हणून तो ३०४-अ वर आणला. जून २०१० मध्ये भोपाळच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी दोन वर्षांची शिक्षा दिली, कारण त्या कलमात तेवढीच जास्तीत जास्त होती. ‘जाणीव’ या एका शब्दाचे वजन इतके असते.

पोलिसांनी एफआयआर न देता फक्त ‘मर्ग’ क्रमांक दिला आहे. म्हणजे प्रकरण दाबले का?

तसेच काही नाही. अनैसर्गिक मृत्यूची खबर आली की मध्य प्रदेशात ‘मर्ग कायम’ केला जातो. महाराष्ट्रात त्यालाच अकस्मात मृत्यूची नोंद म्हणतात. त्यातून मृत्यूचे कारण शोधले जाते, आणि दखलपात्र गुन्हा दिसला की एफआयआर होऊन कागदावर ‘अपराध क्रमांक’ येतो. महाराजा यशवंतराव रुग्णालयातून शवविच्छेदन अहवाल येईपर्यंत थांबा, असे सांगितले जाते. पण दखलपात्र गुन्ह्याची स्पष्ट खबर दिली असेल तर एफआयआर नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. ठाण्यात नकार मिळाल्यास वरिष्ठांकडे लेखी पाठवता येते आणि मग दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. एफआयआरची प्रत खबर देणाऱ्याला विनामूल्य मिळते आणि तपासाची प्रगती ९० दिवसांत कळवणे आता पोलिसांचे कर्तव्य आहे.

१०५ मध्ये जामीन मिळतो का?

हा गुन्हा अजामीनपात्र आहे आणि सत्र न्यायालयात चालतो, तेव्हा जामीन हक्काने नाही, न्यायालयाच्या विवेकाने मिळतो. सत्र न्यायालयाने नाकारल्यास उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात अर्ज करता येतो. जन्मठेपेची शक्यता असलेल्या प्रकरणात ९० दिवसांत चालान, म्हणजे दोषारोपपत्र, दाखल झाले नाही तर मात्र जामिनाचा हक्क निर्माण होतो. तो मागावा लागतो. दिवस मोजत राहिलात आणि अर्ज करण्यापूर्वी चालान दाखल झाले, तर हक्क गेला.

दोन्ही कुटुंबे एकाच समाजातली आहेत. आपसात मिटवता येईल का?

खून, सदोष मनुष्यवध आणि हयगयीने मृत्यू, यांपैकी एकही गुन्हा आपसात मिटवण्याजोग्या गुन्ह्यांच्या यादीत नाही. खटला राज्याचा असतो. पैसे देऊन साक्ष फिरवण्याला तडजोड म्हणत नाहीत, आणि ज्येष्ठांनी बैठकीत बसून तसे सुचवणे त्यांच्याही अंगाशी येऊ शकते. मृताच्या कुटुंबाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाईसाठी अर्ज करता येतो, आणि आरोपी सुटला, हलक्या गुन्ह्यात दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी दिली, तर स्वतः अपीलही करता येते.

आई फक्त मराठी बोलते. तिची साक्ष कशी होईल?

तिने मराठीतच बोलावे. न्यायालयाची भाषा हिंदी असल्याने साक्ष हिंदीत उतरवली जाते, पण साक्षीदाराला स्वतःच्या भाषेत सांगण्याचा आणि गरज पडल्यास दुभाषाची मदत घेण्याचा अधिकार आहे. इंदूरच्या घरांत वाढलेल्या माणसांना वाटते की हिंदी आपल्याला येतेच. भाजी घेताना येते, पिंजऱ्यात उभे राहिल्यावर नाही. एका आजी मराठीत म्हणाल्या, ‘त्याचा धक्का लागला.’ टंकलेखकाच्या पडद्यावर आले, ‘उसने धक्का दिया.’ लागणे आणि देणे यांत हयगय आणि सदोष मनुष्यवध यांचे अंतर आहे. मृत्यूपूर्व जबाबाचेही तसेच. जखमी माणूस मराठीत बोलला असेल तर त्याचेच शब्द लिहून घ्यावेत, असा आग्रह नातेवाइकांनी तिथेच धरावा.

साक्ष पूर्ण झाल्यावर ती साक्षीदाराला वाचून दाखवली जाते आणि चूक असल्यास दुरुस्ती सुचवता येते. त्या आजींनी चष्मा लावला, शेवटच्या पानावर सही करण्यापूर्वी ‘पुन्हा वाचा’ म्हणाल्या, आणि न्यायाधीशांनी त्या ओळीखाली त्यांची हरकत नोंदवून घेतली.